अर्ध्या चुकीचं चलन

लोकअदालतीची तारीख जवळ आली की आमच्या नाशिकच्या घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर वाद सुरू होतो. कोणीतरी तो मेसेज पुढे ढकलतं: प्रलंबित ई-चलनं तडजोडीने मिटवा, अमुक दिवशी, अमुक ठिकाणी. लगेच मामेभाऊ लिहितो, "बघा, मी सांगत होतो, भरायची घाई करू नका." काका लिहितात, "मी सगळी वेळेत भरली, म्हणजे मीच चुकलो का?" मग कोणी नितीन गडकरींना बोल लावतं, कोणी पोलिसांना, कोणी राँग साइडने येणाऱ्या पोरांना. माझे बाबा मात्र या वादात एक अक्षर लिहीत नाहीत. त्यांच्या स्कूटरच्या नावावर पाचशे रुपयांचं एक चलन आहे, आणि ती चूक त्यांनी केलेली नाही.

मी कॅलिफोर्नियात पंधरा वर्षांहून जास्त काळ राहते आहे. ग्रुपवरच्या वादात मी सहसा पडत नाही. परदेशात बसून "आमच्याकडे असं नसतं" म्हणणाऱ्या माणसाचा तिकडच्यांना राग येतो, आणि तो येणं बरोबर आहे. रोज त्या रस्त्यावरून जाणारे ते, खड्डे चुकवणारे ते, आणि शहाणपण सांगणार मी. पण हा एक विषय असा आहे की त्यात मला दोन्हीकडचं ठाऊक आहे. चलनाकडे दुर्लक्ष केल्यावर काय होतं ते मी इथे स्वतः भोगलंय. आणि चलनाकडे अजिबात दुर्लक्ष न करताही काय होतं ते बाबा तिकडे भोगताहेत.

आधी माझं सांगते.

२०१२ साल. चौकात उजवीकडे वळायचं होतं आणि दिवा लाल होता. इथे वाहनं उजवीकडून चालतात, त्यामुळे लाल दिव्यावरही उजवीकडे वळायला बहुतेक ठिकाणी परवानगी असते. पण आधी गाडी पूर्ण थांबवायची, चाक फिरायचं थांबलं पाहिजे. मी वेग कमी केला, डावीकडे नजर टाकली आणि वळले. मागे लाल-निळे दिवे लागले. पोलिसाने शांतपणे कागद लिहिला आणि सही मागितली. सही म्हणजे गुन्ह्याची कबुली नाही, ठरलेल्या तारखेपर्यंत कोर्टात हजर होईन किंवा उत्तर देईन असं हे वचन आहे, हे त्याने नीट समजावून सांगितलं. मी मान डोलावली. मनात मात्र माझं गावच होतं. आमच्याकडे पावती फाडली की विषय संपायचा. सही करून कागद हातात आला म्हणजे झालं, पैसे कधीतरी भरू, असं मी धरून चालले.

महिन्याभराने आम्ही घर बदललं. घर बदललं की दहा दिवसांत नवा पत्ता डीएमव्हीला, म्हणजे इथल्या आरटीओला, कळवावा लागतो. मी बँकेला कळवला, ऑफिसला कळवला, डीएमव्हीचं राहून गेलं. कोर्टाचं पत्र जुन्या दारात पडलं, त्यानंतरचंही तिथेच. त्या पत्रांत काय होतं ते मला खूप नंतर कळलं. मूळ दंड पस्तीस डॉलर. त्यावर राज्याचा अधिभार, काउंटीचा, कोर्टाच्या इमारतीचा, डीएनए चाचण्यांच्या निधीचा, तातडीच्या वैद्यकीय सेवेचा, असं करत करत रक्कम झाली २३८. मी उत्तर दिलं नाही म्हणून वर आणखी ३००. आणि परवाना निलंबित.

हे सगळं मला कळलं ते एका संध्याकाळी, गाडीचा मागचा एक ब्रेकलाइट लागत नव्हता म्हणून पोलिसाने थांबवलं तेव्हा. त्याने परवाना घेतला, आपल्या गाडीत जाऊन कॉम्प्युटरवर पाहिला आणि परत येऊन विचारलं, "तुमचा परवाना निलंबित आहे, ठाऊक आहे?" मला वाटलं, नावात काहीतरी घोटाळा झालाय. नव्हता. ती गाडी मी तिथून पुढे चालवू शकत नव्हते. टो करणारा ट्रक आला. ट्रकवाल्याने सांगितलं, आतलं सामान काढून घ्या. सामान म्हणजे मुलीला गाडीत बसवायचं वेगळं सीट. दोन वर्षांची माझी मुलगी फुटपाथवर उभी, एका पायात बूट, दुसरा गाडीत कुठेतरी पडलेला. सीट नवऱ्याने घट्ट बसवलेलं, खालच्या आकड्यात पट्टा अडकलेला, आणि माझे हात इतके थरथरत होते की ती कळ दाबली जाईना. शेवटी तो पोलीसच गुडघ्यावर बसला, गाडीत वाकला आणि त्याने कळ दाबून सीट सोडवून दिलं. मी सीट काखोटीला मारून, पोरीचा हात धरून नवऱ्याची वाट बघत उभी राहिले. येणारेजाणारे बघत होते.

कायद्याचं म्हणाल तर मी तोवर तीन पायऱ्या उतरले होते. लाल दिव्याची चूक ही फक्त दंडाची बाब. ठरलेल्या तारखेला हजर न राहणं हा मात्र वेगळा, फौजदारी गुन्हा. त्याला सहा महिन्यांपर्यंत तुरुंगवासाची तरतूद आहे. निलंबित परवान्यावर गाडी चालवणं हा आणखी एक. तुरुंगात मला कोणी टाकलं नाही. वकील केला, न्यायाधीशांपुढे उभी राहिले, आधी परवाना सोडवून आणला आणि मग गुन्हा सौम्य होऊन मिटला. पण चाक न थांबवण्याचे ते दोन सेकंद मला वर्षभर पुरले. काही वर्षांनी नागरिकत्वाचा अर्ज भरताना पुन्हा तोच प्रश्न समोर आला: पोलिसांनी कधी अटक केली, ताब्यात घेतलं किंवा नुसतं तिकीट दिलं, तेही सांगा. कोर्टाच्या निकालाची शिक्क्याची प्रत घेऊन मी मुलाखतीला गेले होते.

म्हणून इकडे नव्याने येणाऱ्या मराठी मुलामुलींना मी पहिल्याच भेटीत सांगते: तिकीट मिळालं तर लाजू नका, घाबरू नका, पण त्या कागदावरची तारीख कॅलेंडरात टाका. भांडायचं असेल तर भांडा, पैसे नसतील तर तसं कळवा, पण गप्प बसू नका. इथे मौन म्हणजे आणखी एक गुन्हा होतो. २०२५च्या एप्रिलमध्ये तर मला त्यांना काय सांगावं ते कळेना. इथल्या सरकारने देशभरातल्या हजारो परदेशी विद्यार्थ्यांच्या, ज्यांवर त्यांचं इथलं कायदेशीर राहणं अवलंबून असतं त्या नोंदी एका फटक्यात रद्द केल्या, आणि त्यांत असेही होते ज्यांच्या नावावर वेगमर्यादेच्या तिकिटापलीकडे काही नव्हतं. तेही त्यांनी भरलेलं. पोरं कोर्टात गेली, न्यायाधीशांनी धारेवर धरलं, तेव्हा सरकारने त्या नोंदी परत चालू केल्या. पण त्या काही आठवड्यांत, पदवीला एक सत्र उरलेली मुलं सामानाच्या बॅगा भरत होती, हे मी डोळ्यांनी पाहिलंय.

ग्रुपवर कोणी "अमेरिकेसारखा कडक कायदा पाहिजे, मग बघा सगळे कसे सरळ होतात" असं लिहिलं की मला फर्ग्युसन आठवतं. पुण्याचा फर्ग्युसन रस्ता नव्हे. मिसूरी राज्यातलं एकवीस हजार वस्तीचं गाव. २०१४ मध्ये तिथे एका काळ्या तरुणाचा पोलिसाच्या गोळीने मृत्यू झाला आणि देश पेटला. त्यानंतर केंद्रीय न्याय खात्याने तिथल्या पोलिसांची आणि कोर्टाची चौकशी केली. मार्च २०१५च्या त्यांच्या अहवालात लिहिलंय, की २०१३ या एका वर्षात त्या गावच्या कोर्टाने नऊ हजारांवर वॉरंटं काढली होती, तीही बहुतेक पार्किंग, वाहतूक आणि घराच्या आवाराबाबतच्या किरकोळ नियमभंगांसाठी. गावाचा खर्च दंडावर चालत होता. त्यात एका बाईंची हकिकत आहे. २००७ साली बेकायदा पार्किंग केलं म्हणून १५१ डॉलर आणि वर शुल्क. बाई गरीब, अधूनमधून बेघरही. तारखा चुकल्या, हप्ते चुकले. दोनदा अटक झाली, सहा दिवस कोठडीत गेले. सात वर्षांत ५५० डॉलर भरूनही त्यांच्याकडे ५४१ डॉलर बाकी निघत होते.

ही झाली कडक कायद्याची दुसरी बाजू. आणि ही काही एका गावापुरती नव्हती. कॅलिफोर्नियात त्याच सुमारास केलेल्या अभ्यासातून बाहेर आलं, की दंड न भरल्यामुळे किंवा कोर्टात न आल्यामुळे चाळीस लाखांवर लोकांचे परवाने निलंबित आहेत. प्रौढ माणसांतला दर सहावा. परवाना गेला की गाडी गेली, गाडी गेली की नोकरी गेली, आणि नोकरीच गेली तर दंड भरायचा कशातून? मला वकील करता आला, नवऱ्याची दुसरी गाडी होती. ज्यांच्याकडे हे नव्हतं त्यांचं काय झालं असेल, याचा विचार मी फुटपाथवर उभी असताना केला नव्हता. आकडे वाचले तेव्हा केला.

पण इथल्या लोकांनी पुढे जे केलं त्याबद्दल मला मनापासून आदर आहे. राज्याने २०१५च्या ऑक्टोबरपासून दीड वर्ष जुन्या थकबाकीसाठी सवलत योजना चालवली. २०१३च्या आधीचा दंड पन्नास टक्क्यांनी कमी, आणि मिळकत फार कमी असेल तर ऐंशी टक्क्यांनी. ही योजना आपल्या लोकअदालतीच्या जवळची वाटते खरी, पण इथे ते तेवढ्यावर थांबले नाहीत. २०१७ साली कायदा करून निव्वळ पैसे न भरल्याबद्दल परवाना काढून घेणं बंद केलं. उत्तर न दिल्याचा जो ३००चा जादा आकार मला बसला होता, तो २०२२ मध्ये जास्तीत जास्त १०० वर आणला. आणि ऐपत नसेल तर ऑनलाइन अर्ज करून, आपली मिळकत दाखवून, दंड कमी करून घेता येतो किंवा हप्ते मागता येतात. जर्मनीत राहणारी माझी मैत्रीण सांगते, की तिकडे दंड भरला नाही तर कोठडीसुद्धा होऊ शकते, आणि कोठडी भोगूनही दंड माफ होत नाही. पण "माझ्याकडे पैसे नाहीत" हे तुम्ही कळवून सिद्ध केलंत तर कोठडी होत नाही. म्हणजे तिथेही वाट आहे, फक्त तोंड उघडायला हवं.

आता घरचं.

सप्टेंबर २०१९ मध्ये मोटार वाहन कायद्यातली दुरुस्ती लागू झाली, दंड एकदम वाढले, आणि तेव्हापासून आपल्याकडे सगळी चर्चा रकमेभोवती फिरते आहे. महाराष्ट्राने आधी ते दर मानले नाहीत, डिसेंबर २०२१ मध्ये आपली सूची काढून लागू केले. पाचशे जास्त की कमी, हजार जास्त की कमी, यावर किती लिहिलं गेलं! पण दंड भरलाच नाही तर पुढे काय, आणि दंड चुकीचा असेल तर कोणापुढे बोलायचं, या दोन प्रश्नांवर फारसं कोणी बोलत नाही. मला विचाराल तर रकमेचा वाद गौण आहे. एका वर्षात, २०२२ मध्ये, भारतातल्या रस्त्यांवर १,६८,४९१ माणसं मेली. सरकारचाच आकडा आहे. नियम पाळले गेले पाहिजेत यात माझ्या मनात शंका नाही. आणि म्हणूनच, आत्ता जे चाललंय त्याने नियमाचा धाक वाढत नाही, नियमावरचा विश्वास मात्र उडतो, असं मला वाटतं.

चाललंय ते असं. कॅमेरा फोटो काढतो किंवा पोलीस काढतात. गाडीच्या नोंदणीला जो मोबाइल नंबर जोडलेला असेल त्यावर मेसेज जातो. नंबर बदलला असेल किंवा गाडी विकून नाव ट्रान्सफर झालं नसेल, तर मेसेज जातो भलतीकडेच. माझी पत्रं जुन्या दारात पडली, तसंच. भरलं तर ठीक. नाही भरलं तर बहुतेकांच्या बाबतीत लगेच काहीच होत नाही. चलन ॲपवर राहतं, त्याखाली दुसरं येतं, तिसरं येतं. मग कधीतरी मेसेज येतो, लोकअदालतीत हजर राहा, नाहीतर कारवाई होईल. तिथे तडजोड होते. बंगळुरूने फेब्रुवारी २०२३ मध्ये सरसकट निम्मा दंड माफ केला, तेलंगणाने त्याच्या आदल्या वर्षी दुचाकींना पंचाहत्तर टक्के सूट दिली, आणि भरायला झुंबड उडाली. सरकारच्या तिजोरीत पैसे आले हे खरं. पण आमच्या काकांनी यातून काय शिकायचं? त्यांनी पाच चलनं भरली, प्रत्येक वेळी आठवडाभराच्या आत.

"सहा महिने गेले की चलन मेलं," असंही ग्रुपवर ठासून सांगणारे आहेत. त्यात तथ्य आहे, पण अर्धंच. ज्या गुन्ह्याला फक्त दंड आहे त्याची दखल कोर्टाने सहा महिन्यांच्या आत घेतली पाहिजे, ही मुदत जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम ४६८ मध्ये होती आणि नव्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ५१४ मध्येही आहे. पण धोकादायक पद्धतीने गाडी चालवण्यासारख्या गुन्ह्याला कैदेची शिक्षाही आहे, तिथे मुदत वर्षाची होते. आणि मुदत टळली म्हणून ॲपवरची थकबाकी आपोआप पुसली जात नाही. कायद्याने जे संपलं ते पडद्यावर तसंच दिसत राहतं, आणि गाडी विकायला किंवा पासिंगला नेली की वाटेत उभं राहतं.

पासिंगवरून मामेभावाचं सांगते. त्याला मी दादा म्हणते. त्याचा छोटा हत्ती आहे, भाजीपाला वाहतो. "भरायची घाई करू नका" म्हणणारा तो हाच. मला पूर्वी त्याचा राग यायचा. गेल्या खेपेला नाशिकला गेले तेव्हा पहाटे त्याच्या शेजारी टेम्पोत बसून मार्केटला गेले. मेथी-कोथिंबिरीच्या जुड्या उतरवायच्या होत्या. आत जागा नाही, बाहेर नो पार्किंगचा बोर्ड. त्याने गाडी लावली, हमाल येईपर्यंत दहा मिनिटं गेली, तेवढ्यात कोणीतरी फोटो काढून पुढे गेलं. दादा मला म्हणाला, "सांग, कुठं लावू? जागा दाखव, तिथं लावतो." त्याच्या नावावरची काही चलनं खरी आहेत, नो एन्ट्रीत घुसल्याची. ती तो नाकारत नाही. पण निम्म्याहून जास्त या मार्केटच्या दारातली आहेत. मालवाहू गाडीला आठ वर्षांपर्यंत दर दोन वर्षांनी आणि मग दरवर्षी पासिंग करून घ्यावं लागतं. लोकअदालत पुढच्या महिन्यात आणि पासिंगची मुदत या महिन्यात, अशी वेळ आली, आणि त्याने व्यापाऱ्याकडून उचल घेऊन अठरा हजार एकरकमी भरले. ज्याच्या दारात मोठी खासगी गाडी आहे त्याला नोंदणीसाठी पंधरा वर्षं आरटीओत जावं लागत नाही. म्हणजे आपल्याकडे चलन टाळण्याची चैन कोणाला परवडते आणि कोणाला नाही, ते बघा. २०२५च्या जुलैत मालवाहतूकदारांनी ई-चलनाच्या जाचाविरुद्ध बंद पुकारला, तेव्हा "नियम मोडायचे आणि वर संप करायचा" असं खूप जणांनी लिहिलं. त्यांची एक मागणी अशी होती, की पोलिसांनी स्वतःच्या खासगी मोबाइलवर फोटो काढून ठेवून सवडीने चलन टाकू नये. ती इतकी रास्त होती की पोलिसांच्या वरिष्ठांनीच तसे आदेश काढले.

आणि बाबा. शाळेतून निवृत्त झालेले शिक्षक. करडी स्कूटर, डाव्या बाजूला जुना ओरखडा, हेल्मेटशिवाय कोपऱ्यावरच्या किराणा दुकानातसुद्धा जाणार नाहीत. नोव्हेंबरमध्ये एका सकाळी त्यांना मेसेज आला: विनाहेल्मेट, पाचशे रुपये. साइटवर गाडीचा नंबर आणि चेसिस नंबरचे शेवटचे चार आकडे टाकले की फोटो दिसतो. फोटोत लाल मोपेड, दोन मुलं, दोघंही हेल्मेटशिवाय. नंबर प्लेटवरचा ३ चिखलामुळे ८ सारखा दिसतोय. आणि फोटो अशा शहरातला, जिथे बाबांची स्कूटर कधी गेलीच नाही. त्या तारखेला, त्या वेळी बाबा नाशिकमध्ये बँकेत हयातीचा दाखला द्यायला गेले होते. पोचपावतीवर शिक्का आहे.

त्यांनी ॲपवर तक्रार टाकली, आपल्या स्कूटरचे चारी बाजूंनी फोटो जोडले. उत्तर नाही. वाहतूक शाखेत गेले. तिथे सांगितलं, चलन त्या शहरातलं आहे, तिकडे जा. सत्तरी ओलांडलेला माणूस एसटीने तिकडे गेला. तिथे सांगितलं, कंट्रोल रूमला मेल करा. मेल केला. पुन्हा उत्तर नाही. मग लोकअदालतीचा मेसेज आला, म्हणून तिथे गेले. टेबलावरचा माणूस बोलायला चांगला होता. म्हणाला, "काका, निम्मे भरा आणि मिटवून टाका. अडीचशे रुपयांसाठी किती हेलपाटे घालणार?" बाबांनी त्याला विचारलं, "अर्धी चूक केली असं लिहून देऊ का?"

त्या माणसाकडे उत्तर नव्हतं, कारण लोकअदालत तडजोडीसाठी असते. "चूक झाली, पण थोडं सांभाळून घ्या" असं म्हणणाऱ्याला तिथे जागा आहे. "मी केलंच नाही" म्हणणाऱ्याला नाही. बाबांनी सांगितलं, मला तडजोड नको, माझं प्रकरण कोर्टात पाठवा. जाईल तेव्हा जाईल, असं उत्तर मिळालं.

त्या रात्री फोनवर मीसुद्धा तेच म्हणाले. "बाबा, मी इथून भरते, दोन मिनिटांचं काम आहे. तुम्ही कशाला जिवाला त्रास करून घेता?" ते थोडा वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "अगं, तू तिकडे कोर्टाला पत्र लिहिलं होतंस ना? मला सांगितलं होतंस."

लिहिलं होतं. २०१८ साली मला वेगमर्यादेचं एक तिकीट मिळालं होतं, जे चुकीचं होतं असं माझं ठाम मत होतं. इथे कोर्टात न जाता लेखी लढता येतं. टीआर-२०५ नावाचा एक फॉर्म आहे. दंडाइतकी रक्कम आधी जमा करायची, आपलं म्हणणं लिहायचं, फोटो किंवा नकाशा जोडायचा आणि पोस्टाने पाठवायचं. कोर्ट पोलिसालाही लेखी म्हणणं मागतं. न्यायाधीश दोन्ही कागद वाचून निकाल देतात. पटला नाही तर वीस दिवसांत पुन्हा प्रत्यक्ष सुनावणी मागता येते. माझ्या वेळी पोलिसाचं म्हणणं आलंच नाही. प्रकरण रद्द झालं आणि भरलेले पैसे चेकने घरी आले. मी बाबांना तो चेक व्हिडिओ कॉलवर दाखवला होता. त्यांना पैशांचं काही नव्हतं, त्यांनी विचारलं होतं, "म्हणजे न्यायाधीशाने तुझं पत्र वाचलं?"

आपल्याकडे कडक काय करायचं यावर सूचनांचा पाऊस पडतोय. थकबाकीदाराचा परवाना निलंबित करा, विम्याचा हप्ता वाढवा. मी ते वाचते आणि मला त्या चाळीस लाखांची आठवण येते. परवाने काढून घेण्याचा प्रयोग इथे करून झालाय, त्यात कोण भरडलं गेलं तेही कळलंय, आणि राज्याला मागे फिरावं लागलंय. आपण तिथूनच सुरुवात कशाला करायची? आधी दोन गोष्टी करता येतील आणि त्यांना फार पैसा लागत नाही. प्रत्येक चलनावर एक तारीख असावी, अमक्या दिवसापर्यंत भरा किंवा नाकारा. आणि ती टळली तर पुढे काय होणार ते मराठीत, त्याच मेसेजमध्ये, आकड्यासकट लिहिलेलं असावं. आणि ज्याने नाकारलं त्याचा कागद एका माणसाने, ज्याला निर्णय द्यायचा अधिकार आहे अशा माणसाने, ठरलेल्या दिवसांत वाचावा आणि हो किंवा नाही असं लेखी कळवावं. पोलिसाला फोटो सिद्ध करता आला नाही तर चलन रद्द व्हावं. हे झालं की सरसकट सूट बंद करा, मी स्वतः ग्रुपवर त्याची बाजू घेईन. काकांसारख्या वेळेत भरणाऱ्याला थोडी सवलत द्या, दादासारख्याला हप्ते द्या, आणि मार्केटच्या दारात माल उतरवायला पिवळे पट्टे आखून जागा द्या. मग चलन फाडा. मग त्या चलनाला वजन येईल.

यावर दादा म्हणाला, "तुझ्या देशात ठीक आहे गं, इथं कोण वाचत बसणार?" मला ते वाक्य फार लागलं. कारण वाचणाऱ्याची अपेक्षाच त्याने सोडून दिलीय, आणि तो माझ्यापेक्षा वयाने फक्त दोन वर्षांनी मोठा आहे. बाबांनी मात्र अजून सोडलेली नाही. त्यांनी एक फाइल केलीय. आरसी बुकाची प्रत, स्कूटरचे फोटो, बँकेची पोचपावती, एसटीची दोन तिकिटं, पाठवलेल्या मेलची छापील प्रत. आईला सांगून ठेवलंय, की कोर्टाचं समन्स घेऊन कोणी आलं आणि मी घरी नसलो तर त्याला बसवून चहा दे आणि मला फोन कर.

परवा रविवारी त्यांचा फोन आला. त्यांच्या मोबाइलवर साइट उघडत नव्हती, म्हणून मला म्हणाले, तिकडून बघ जरा, काही हललंय का. मी लॅपटॉप उघडला. चेसिसचे चार आकडे मला आता पाठ आहेत. ते टाकले. लाल मोपेड, मागे बसलेल्या मुलाच्या हातात उसाचं कांडं, पाचशे रुपये, प्रलंबित.

"तेच आहे, बाबा," मी म्हणाले.

"बरं," ते म्हणाले. "पुढच्या रविवारी परत बघ."